ग्रेगरी पेक आणि आमचे आबा

१९६९ सालचा ‘मॅकेनाज गोल्ड’ मी आबांच्या सायकलच्या कॅरेजवर बसून, कडोलीहून बेळगावला जाऊन पाहिला. इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं. पण ग्रेगरी पेक बोलायचा कमी, बघायचाच जास्त. आबांचं काही अडलं नाही. उगवत्या सूर्यात खडकाची सावली लांबत गेली, तसे ते खुर्चीच्या कडेला सरकले. शेवटी दरी कोसळली, पेक घोड्यावरून निघाला. खोगिराच्या पिशव्यांत सोनं, आणि ह्याला पत्ताच नाही! “अरे, मागं बघ की!” आबा ओरडले. सगळं थिएटर हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना वाटेत मी बोललोच नाही.

आबा आता नाहीत. परवा नातवासोबत पिक्चर पुन्हा पाहिला. ती जागा आली आणि ओरडलो मीच. नातू म्हणाला, “आजोबा, त्याला ऐकू जात नाही.”