रद्द झालेली सहल आणि विम्याचा कागद



विम्यावर बोलायला एखादा वकील बोलवायचा, तो मान चालकांनी माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या माणसाला दिला. मी इंग्रजी शिकलो ते मालकांशी झालेले करार आणि कोर्टाचे निवाडे शब्दकोश उशाशी घेऊन वाचता वाचता. त्यातून एक सवय जडली : सही करण्यापूर्वी बारीक अक्षरांतला मजकूर वाचायचा. ही सवय मी एकदा विसरलो. त्याचीच ही हकीकत.

आमच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या नऊ जोडप्यांनी २०२० च्या एप्रिलात सिंगापूरला जायचे ठरवले. जन्मभर भोंग्यावर उठलेली माणसे. ग्रॅच्युइटीतले थोडे बाजूला काढून प्रथमच विमानात बसणार होती. फेब्रुवारीत सहल कंपनीकडे पैसे भरले, प्रवासविमाही उतरवला. हप्ता भरताना मीच म्हणालो, "चला, आता काळजी मिटली." पुढे ता. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. ता. २२ पासून आपल्याकडे येणारी परदेशी विमाने थांबली, ता. २३ च्या रात्री सिंगापूरने पाहुण्यांना दार लावले आणि ता. २५ ला देशभर टाळेबंदी आली. टाळेबंदी हा शब्द आम्हां कामगारांना जुना. पण ती मालक करतो आणि एका कारखान्याची करतो. या वेळी टाळे देशालाच लागले.

विमा कंपनीकडे दावा केला. उत्तर आले : सहल रद्द होण्याचे कारण पॉलिसीत नमूद केलेल्या कारणांत बसत नाही. आमचे लोक खवळले. हप्ता घेतला, सहल बुडाली, मग पैसे का नाहीत ? मोर्चाची भाषा सुरू झाली. मी म्हटले, आधी कागद वाचू. तीन रात्री वाचला. आणि कंपनीने शब्द मोडला असे म्हणायला मला जागा सापडली नाही. चुकली होती ती आमची समजूत.

आम्ही समजत होतो की विमा म्हणजे नुकसानीची भरपाई. खरे असे, की विमा म्हणजे ठरलेल्या कारणाने झालेल्या नुकसानीची भरपाई. सहल रद्द होण्याच्या कलमाखाली कारणांची यादी असते : प्रवाशाचा किंवा जवळच्या नातलगाचा मृत्यू, गंभीर आजार, अपघात, अशी. तिच्याखाली अपवादांची यादी. पुष्कळ पॉलिसींत साथीचा रोग, सरकारी हुकूम आणि विमा घेतेवेळी जगाला ठाऊक असलेले संकट ही या दुसऱ्या यादीत बसतात. घर पेटल्यावर आगीचा विमा उतरवता येत नाही, तसेच हे. काही कंपन्यांनी २०२० च्या जानेवारीतली तारीख धरली आणि त्यानंतर विमा घेणाऱ्यांना सांगितले, ही साथ तुम्हांला ठाऊक होती.

कंपन्या असे का करतात ? गिरणगावातल्या चाळींत गावोगावची मंडळे असत. दरमहा वर्गणी जमायची. कोणाकडे आजारपण आले, मयत झाली, तर त्यातून मदत मिळायची. शंभरांतले दोघे अडले म्हणजे अठ्ठ्याण्णवांची वर्गणी पुरते. गिरणीच बंद पडली की शंभरच्या शंभर अडतात, आणि मग पेटीत हात घालून काय निघणार ? विम्याची पेटीही तशीच. साथीत सगळ्यांच्या सहली एकाच आठवड्यात बुडतात. कंपन्यांची वकिली मी करीत नाही. माझी तक्रार निराळी आहे. संरक्षणाचे शब्द ठळक छापायचे आणि अपवाद मुंगीच्या पावलांएवढे, ही रीत मला मान्य नाही.

आता कामाचे सांगतो. सहल रद्द झाली की पहिला प्रश्न विचारा : कोणी रद्द केली ? मीच आजारी पडलो म्हणून रद्द झाली, तर विम्याकडे जा. आता अनेक पॉलिसी प्रवाशाला झालेला करोना इतर आजारांसारखाच धरतात. सरकारने किंवा विमान कंपनीने रद्द केली, तर आधी ज्याने तिकीट विकले त्याच्याकडे जा. ता. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाळेबंदीत रद्द झालेल्या विमानांच्या तिकिटांचे पैसे परत देण्याचा आदेश दिला. कंपनी आर्थिक अडचणीत असेल तर तेवढ्या रकमेची पत, ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता येईल अशी. आणि नुसत्या भीतीने मीच रद्द केली, तर साधी पॉलिसी काहीही देत नाही. अमेरिकेत 'कोणत्याही कारणास्तव' असे जादा कलम विकत मिळते. त्यालाही बहुधा निम्मे ते पाऊण पैसेच मिळतात.

आमच्या लोकांचे विमानाचे पैसे या निकालानंतर मिळाले. हॉटेलाचे आणि बाकीचे पैसे सहल कंपनीकडे अडकले. तिने रोख न देता पत दिली : पुढच्या सहलीत वजा करू. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आमच्या नवांपैकी एक साथी गेला. त्याची पत्नी ते पत्र घेऊन युनियनच्या कचेरीत आली आणि म्हणाली, "दादा, मी एकटी सिंगापूरला जाऊन काय करू ?" मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी आठ जोडपी आणि ती बाई, असे सतरा जण आम्ही सहल कंपनीच्या दारात उभे राहिलो. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. पावत्या हातात होत्या. आधी तिचे पैसे द्या, मग आमचे बोलू, एवढेच म्हणालो. महिन्याभरात तिचे रोख आले. आमचे वर्षभरात, हप्त्याहप्त्याने.

म्हणून विमा घेताना तीन गोष्टी विचारा. कोणत्या कारणांना पैसे मिळतील ? साथ आणि सरकारी बंदी यांबद्दल काय लिहिले आहे ? विक्रेत्याकडून काही परत आले तर विमा उरलेलेच देणार काय ? उत्तर तोंडी घेऊ नका, कलम दाखवायला सांगा. दावा अन्यायाने नाकारला असे वाटले, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात दाद लागली नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही. मात्र वर्षाच्या आत गेले पाहिजे.

ता. ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर झाले. माणसे पुन्हा सहलींना निघाली आहेत, आणि पुन्हा न वाचता सह्या होत आहेत. आमच्या नऊ जोडप्यांनी ग्रॅच्युइटीतून भरलेली फी तुमच्यापुढे ठेवली. तीच तुम्हांला पुन्हा भरावी लागू नये, एवढी इच्छा सांगून मी आपली रजा घेतो.