थांबवण्याचा अधिकार सिस्टरला द्या

महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या परिचारिका भगिनींनो व बंधूंनो,

अतिदक्षता विभागातील संसर्ग-प्रतिबंध या विषयावरील परिषदेसाठी पुण्यनगरीत मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. नाईट ड्युटी संपवून थेट इथे पोहोचलेल्यांचे विशेष स्वागत.

या भूमीत सेवेची आणि संसर्गाची गाठ जुनी आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी इथेच रुग्णांची शुश्रूषा केली आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. आज आपल्यापाशी हातमोजे आहेत, हँडरब आहे, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०२० ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही आहेत.

तरीही संसर्ग थांबत नाहीत; मग अडते कुठे? ज्ञानापाशी खचितच नाही. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक प्रक्रियेपूर्वी, शरीरद्रवाच्या संपर्कानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर हात स्वच्छ करायचे, हे विद्यार्थिनींनाही पाठ असते. हँडरब चोळायला २० ते ३० सेकंद पुरतात, साबण-पाण्याने ४० ते ६० लागतात. पण व्हेंटिलेटरवरचे तीन रुग्ण एकाच सिस्टरकडे असतील, एकाचा अलार्म वाजत असताना दुसऱ्याला सक्शन हवे असेल आणि खाटेजवळची बाटली रिकामी असेल, तर तिने हे सेकंद आणायचे कुठून? अशा वेळी ठपका तिच्या एकटीवर ठेवणे अन्यायाचे आहे.

व्यवस्था बदलली तर काय होऊ शकते, हे अमेरिकेतील मिशिगन राज्यात दिसले. तिथल्या शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांचा अनुभव डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. सेंट्रल लाइनसाठी त्यांनी पाचच गोष्टी पाळल्या: हात धुणे, पूर्ण निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडिनने त्वचेची स्वच्छता, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपताच लाइन काढणे. यातली पायरी चुकली तर डॉक्टरांना थांबवण्याचा अधिकार नर्सना दिला. तीन महिन्यांत, दर हजार कॅथेटर-दिवसांमागे रक्तसंसर्गाचे मध्यक प्रमाण २.७ वरून शून्यावर आले. यासाठी महागडे यंत्र लागले नाही. लागली ती शिस्त, आणि नर्सच्या शब्दाला मान.

या परिषदेत आपापल्या वॉर्डातल्या अडचणी मोकळेपणाने मांडा. तुमचा अनुभव आम्हा डॉक्टरांना ऐकायचा आहे. व्यवस्थेत काही उणे राहिले, तर परिषदेच्या आयोजन समितीला हक्काने सांगा.

इथे उपस्थित असलेल्या रुग्णालय प्रमुखांना आणि माझ्या डॉक्टर सहकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. परत गेल्यावर प्रत्येक खाटेपाशी भरलेला हँडरब ठेवा, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक परिचारिका द्या आणि सिस्टर ‘थांबा’ म्हणाली, तर राउंडवर कितीही ज्येष्ठ डॉक्टर असले तरी त्यांनी थांबावे, असा लेखी नियम करा.