डाउनलोडच्या पानावरचा नवखा



पंढरपुरात पहिल्यांदा आलेल्या माणसाला मंदिरापाशी एकच गोष्ट ठरवावी लागते. पददर्शन की मुखदर्शन? पायांवर डोकं टेकवायचं असेल तर मोठी रांग, नुसतं मुख पाहायचं असेल तर छोटी. प्रश्न त्याला कळतो, कारण तो त्याच्या वेळेचा आणि त्याच्या इच्छेचा आहे. दर्शनमंडपात रांग कुठल्या मजल्यावरून कशी वळवली आहे, हे त्याला कुणी विचारत नाही.

सॉफ्टवेअर डाउनलोड करायला गेलं की मात्र नेमकं तेच विचारतात. एआरएम 64 हवं का एएमडी 64? डेब, आरपीएम का डीएमजी? आता बघा, इंटेलचा प्रोसेसर असलेली मुलगी 'एएमडी 64' वाचते आणि ही फाइल आपली नव्हे म्हणून सोडून देते. खरं तर तीच तिची असते. ही 64 बिटांची रचना आधी एएमडीने आणली, मग इंटेलनेही ती स्वीकारली, आणि नाव मात्र जुनंच राहिलं. गोष्ट मजेची आहे, पण फाइल निवडताना ती का ठाऊक असावी लागावी? संगणक विंडोजचा आहे, मॅकचा आहे की लिनक्सचा, हे ब्राउझर पान मागतानाच सांगत असतो. ते ओळखून एक ठळक बटण पुढे करायचं आणि बाकीच्या फाइली जाणकारांसाठी खाली ठेवायच्या. लिब्रेऑफिस आणि व्हीएलसी यांची पानं हे करतात, म्हणजे ते अशक्य नाही.

प्रोग्रॅमचा कोड जिथे ठेवतात त्या गिटहबवर तर आणखी एक गंमत आहे. तिथे प्रत्येक आवृत्तीखाली 'सोर्स कोड'ची झिप फाइल आपोआप लागते. झिप हा शब्द ओळखीचा, म्हणून नवखा तीच उचलतो. आत चालवण्याजोगा प्रोग्रॅम बहुधा नसतोच.

पंढरपुरात आषाढीला दर्शनाची रांग ज्या गोपाळपूरच्या दिशेने लांबत जाते, तिथे 1998 साली सुरू झालेलं स्वेरी या संस्थेचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत दरवर्षी काही मुलं अशी येतात की ज्यांनी तोवर फोन भरपूर हाताळलाय, पण संगणकावर स्वतः काही इन्स्टॉल केलेलं नाही. त्यांनी पायथॉन घेतलं असं धरू. विंडोजवरच्या त्याच्या पारंपरिक इन्स्टॉलरमध्ये अगदी तळाशी एक छोटी चौकट असते, पायथॉनला 'पाथ'मध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्रॅम जिथे शोधतं त्या यादीत, घालायचं का, अशी. ती आधीपासून रिकामीच असते. खूण न करता पुढे गेलं की सगळं नीट पार पडतं, आणि मग कमांड प्रॉम्प्टवर 'पायथॉन' टाइप केल्यावर विंडोज मायक्रोसॉफ्टचं स्टोअर उघडून बसतं. मुलाला वाटतं, इन्स्टॉल झालंच नाही. तो पुन्हा करतो, पुन्हा तेच. चूक त्याची नाही. त्या चौकटीबद्दल एक ओळ डाउनलोडच्या बटणाशेजारीच हवी होती.

नवख्याला जे हवं असतं ते साधं असतं. फाइल किती एमबीची? पैसे पडतात का? इन्स्टॉल झालं हे कसं ओळखायचं? यातलं शेवटचं तर क्वचितच कुणी लिहितं.

आता माहितीपुस्तिकेकडे वळू. सॉफ्टवेअरच्या माहितीलेखनावर काम करणारे डॅनिएले प्रोचिदा यांनी तिचे चार प्रकार मांडले आहेत: हात धरून शिकवणारी, नेमकं एक काम करून देणारी, संदर्भासाठी चाळायची आणि कारणं समजावणारी. चारही एकाच पानात कोंबली की पहिल्या दिवशीचा माणूस तिसऱ्या परिच्छेदात बुडतो. मला विचाराल तर मराठीत आधी फक्त पहिला प्रकार लिहावा. संदर्भाची हजार पानं भाषांतरित करण्याची हौस तूर्त बाजूला ठेवावी. उदाहरणार्थ, लिब्रेऑफिस मराठीतून वापरता येतं, पण विंडोजवर त्यासाठी बहुतेकदा इन्स्टॉल करताना 'कस्टम' निवडून भाषांच्या यादीत मराठीवर खूण करावी लागते. अर्धं पान पुरेल इतकंच हे काम आहे. ते कुठल्याही महाविद्यालयातल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी लिहावं.

आणि वर तारीख घालावी, आवृत्ती घालावी. पायथॉन 2 ची देखभाल 1 जानेवारी 2020 ला थांबली, तरी त्याचे जुने धडे अजून शोधात वर येतात आणि त्यातली पहिलीच ओळ नव्या पायथॉनमध्ये चूक ठरते.

पान लिहून झालं की ते तपासायचं कसं? वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2000 सालीच लिहून ठेवलंय की पाच माणसं बसवली तरी बहुतेक अडचणी दिसून येतात. पाच जण मिळणं अवघड नाही. एखादी बचत गटाची सचिव, झेरॉक्सच्या दुकानातला मुलगा, निवृत्त गुरुजी. त्यांना संगणकासमोर बसवा, काय करायचं ते एकदा सांगा आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणंच सगळ्यांत जड जातं, हात शिवशिवतो माउसकडे जायला. माणूस ज्या ओळीपाशी पहिल्यांदा अडेल, ती ओळ त्याच दिवशी बदला. रंग आणि चित्रं नंतर बघता येतील.