विंचवाची नांगी आणि माणसाचा मेंदू



मेंदू-संशोधन म्हटलं की डोक्याला तारा लावलेले रुग्ण आणि कवटीत चिप बसवणाऱ्या अमेरिकन कंपन्या आठवतात. मी मात्र विंचवावर बोलणार आहे. पऱ्हाटीचा ढीग उपसताना तो कसा भेटतो, हे घाटावरच्याला काय नि घाटाखालच्याला काय, सांगायला नको.

इथून धाड गाव ओलांडलं की भोकरदन तालुका लागतो. तिथल्या देहेड गावचे हिम्मतराव बावस्कर नागपुरात डॉक्टर झाले आणि 1976 साली महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसं दगावत होती. हाताशी प्रयोगशाळा नाही, म्हणून बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी करू लागले. आधी उलटी, दरदरून घाम, तोंडाला लाळ, हातपाय गार. पुढे काही तासांत फुप्फुसात पाणी, तोंडाला फेस. 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांची ही निरीक्षणं छापली.

आता आतली गंमत पाहा. मज्जातंतूच्या पापुद्र्यात सोडियमची सूक्ष्म दारं असतात. ती क्षणभर उघडतात, मिटतात आणि संदेश पुढे सरकतो. केंब्रिजच्या हॉजकिन आणि हक्सली यांनी 1952 साली माकुळाच्या जाड मज्जातंतूवरून याचं गणित मांडलं. विंचवाचं विष हे दार नीट मिटूच देत नाही. मग अंगभर ॲड्रेनलिनचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं. बावस्करांनी रक्तदाबावरची प्राझोसिनची साधी गोळी दिली. आवळलेल्या वाहिन्या सैल झाल्या. गंभीर रुग्णांत शंभरी तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण एक-दोनवर आलं.

तिकडे अमेरिकेत रॉडरिक मॅकिनन यांनी विंचवाच्याच विषानं पोटॅशियमचं दार चाचपून पाहिलं. हेही मूळचे डॉक्टर. दाराचा आकार दिसेना, तेव्हा जम बसलेलं काम बाजूला सारून ते क्ष-किरण स्फटिकशास्त्र शिकले. 1998 साली रचना हाती आली, 2003 साली नोबेल मिळालं, तेही रसायनशास्त्राचं! आज कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूत तार बसवून वीज सोडतात, तिचा परिणामही अशा दारांमधूनच होतो.

‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द आपल्या विद्यापीठांत उदंड झालाय. दोन विभागांनी एका मांडवात चहा घेतला की परिषद पार पडते. मला वाटतं, आपला प्रश्न घेऊन कुणीतरी दुसऱ्याच्या शाळेत पहिलीत बसायला तयार हवं. विंचवाच्याच विषाचं आणखी एक उदाहरण पाहा. सिॲटलचे जिम ओल्सन हे मुलांच्या कर्करोगाचे डॉक्टर. त्यांनी विंचवाच्या विषातल्या एका रेणूला चमकणारा रंग जोडला. तो मेंदूतल्या गाठीला चिकटतो आणि शस्त्रक्रियेत गाठीची कड उजळते. याच्या चाचण्या माणसांवरही झाल्या आहेत.

आणि शेतात कुणाला विंचू चावलाच, तर उतारा करणाऱ्याची वाट पाहू नका. मघाशी सांगितलेल्या खुणांपैकी एक दिसली तरी गाडी काढा. चावल्याची वेळ तेवढी ध्यानात ठेवा. दवाखान्यात पहिल्यांदा तेच विचारतील.