बुचांची साडी

शीतपेयाची बाटली उघडली की पत्र्याचं बूच आपण फेकून देतो. मुंबईच्या कलावंत शर्मिला सामंत यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस कोका-कोलाची अशी बुचं गोळा केली, धातूच्या कड्यांनी एकमेकांत गुंफली आणि त्यांची चक्क साडी घडवली. तिच्यावर कोयऱ्यासुद्धा आहेत! पैठणीचा पदर निरखणाऱ्या आपल्या नजरेला ती आधी देखणी वाटते, मग टोचू लागते. हातमागाची जागा कोण घेतंय, हा प्रश्न ती एक शब्दही न उच्चारता विचारते. मला तरी हाच खरा संवाद वाटतो.

१९९९मध्ये तुषार जोग आणि सामंत यांनी मुंबईत ‘ओपन सर्कल’ हा कलावंतांचा गट उभारला. पुढे २०१२च्या कोची-मुझिरिस बिएनाले या कलाप्रदर्शनात सामंत यांनी भाताच्या दाण्यांचे फणा काढलेले नाग मांडले, लुप्त होत चाललेल्या देशी वाणांसाठी.