परत आलेलं पत्र

(कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो, 'ई-मेल पोचत नाही तेव्हा' हा विषय वाचून सकाळी चहाच्या वेळीच दोघी-तिघींनी मला विचारलं, "हे आपल्याला कशाला? त्यासाठी मुलं असतात ना!" मलाही तसंच वाटायचं. मी समाजकार्य शिकले, संगणक नाही. तरी हे शिकावं लागलं, ते एका बाईमुळे.

एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी करणाऱ्या या बाईने, वरिष्ठाने केलेल्या लैंगिक छळाबद्दल आमच्या संस्थेला मेल लिहिली. घटनेला तेव्हा सहा आठवडे झाले होते. आम्ही दोन दिवसांत उत्तर लिहिलं. २०१३ च्या कायद्याप्रमाणे तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार द्यावी लागते, अर्ज असा लिहा, आम्ही सोबत येऊ, असं सगळं त्यात होतं. तिचं पुढे काही आलं नाही. आम्हाला वाटलं, घरच्यांनी गप्प बसवलं असेल. अशा वेळी आपण हेच गृहीत धरतो.

तीन महिने उलटून आठ दिवस झाल्यावर ती स्वतः दारात उभी राहिली. म्हणाली, "ताई, तुम्ही साधं उत्तरसुद्धा दिलं नाहीत."

शोधाशोध केली तेव्हा दिसलं, की आमचं पत्र दोन मिनिटांत परत आलं होतं. 'मेलर-डेमन' नावाने आलेला तो इंग्रजी मजकूर व्हायरस समजून आमच्या सहकारी कार्यकर्तीने काढून टाकला होता. तिला मी दोष देणार नाही. नावच असं, की भुताटकी वाटावी. पण पत्र का नाकारलं, याचं कारण त्यातच छापलेलं होतं.

तर पहिली गोष्ट, परत आलेली मेल पुसू नका, वाचा. त्यात तीन आकडी खूण असते. ती ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे. आपला सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, कधी चार-पाच दिवससुद्धा. तारीख जवळ आली असेल तर तेवढे दिवस वाट बघत बसू नका, फोन करा. ५ ने सुरू होत असेल तर ते पत्र पुन्हा जाणार नाही. पत्ता चुकला असेल, किंवा पलीकडच्याने आपल्याला ओळखायला नकार दिला असेल. आमच्या पत्रावर ५५० आणि पुढे ५.७.२६ होतं. म्हणजे पत्र खरोखर तुमच्याच संस्थेकडून आलं, हे सिद्ध झालं नाही.

हा संशय कशासाठी? १९८२ साली मेल पाठवण्याचे नियम ठरले तेव्हा पाठवणाऱ्याचं नाव तपासायची सोयच नव्हती. पाकिटावर मागे कुणाचंही नाव लिहावं, तसं. फसवणूक वाढली तशा तपासण्या आल्या. आपल्या नावाने कोणत्या सर्व्हरने पत्र पाठवायचं याची यादी डोमेनच्या नोंदीत जाहीर लावायची, तिला एसपीएफ म्हणतात. प्रत्येक पत्रावर उमटणारी डिजिटल मोहोर म्हणजे डीकिम. या दोन्ही तपासण्यांत न बसणाऱ्या पत्राचं काय करायचं, हे सांगणारी सूचना म्हणजे डीमार्क. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पहिल्या दोन्हींपैकी निदान एक सर्वांना सक्तीची केली. दिवसाला पाच हजारांवर पत्रं पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात.

आमची संस्था नव्या सर्व्हरवर गेली, पण यादीत जुन्याचंच नाव राहिलं. ज्या मुलाने हे काम केलं होतं, त्याला फोन केला. त्याने जुनी यादी तशीच ठेवून शेजारी दुसरी लावून दिली. झालं! एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन असल्या की तपासणीच फसते. त्यामुळे आधी निदान काही पत्रं स्पॅममध्ये तरी पडत होती, ती आता परत यायला लागली. दोन्ही मिळून एक ओळ करायची होती, एवढंच.

ती ओळ बदलायलाही आमच्याकडे पासवर्ड नव्हता. डोमेन त्या मुलाच्या नावावर, त्याच्याच मोबाइल नंबरवर. घर बाईच्या कष्टाचं आणि सातबारा नवऱ्याच्या नावावर, याविरुद्ध आपण आयुष्यभर बोललो, आणि आपल्याच संस्थेचा पत्ता दुसऱ्याच्या नावावर! तो भला मुलगा होता, म्हणून आठ दिवसांत डोमेन संस्थेच्या नावावर झालं. इथे एक आठवण देते. .कॉम, .ऑर्ग ही जी शेपटं आपण लावतो, ती ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या गटाची प्रमुख एलिझाबेथ फाइनलर ही बाई होती. तेव्हा 'हे पुरुषांचं काम' हे मला कुणी सांगू नये.

आणखी एक सवय मोडा. संस्थेच्या पत्त्यावर आलेली मेल आपोआप एखाद्या कार्यकर्तीच्या खाजगी पत्त्यावर वळवतात. मधल्या सर्व्हरमुळे एसपीएफची तपासणी फसते आणि खरं पत्र स्पॅममध्ये पडू शकतं. शिवाय ती कार्यकर्ती सोडून गेली, की पीडित बायकांची पत्रं तिच्याकडेच जात राहतात. आणि विषयाच्या ओळीत 'अत्याचार', 'तक्रार' असले शब्द लिहू नका. तिचा फोन कोण उघडतं, आपल्याला माहीत नसतं.

त्या बाईचं काय झालं विचाराल. कायद्यात समितीला कारणं लेखी नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवता येते. परत आलेलं ते पत्र तारीख-वेळेसकट छापून आम्ही अर्जाला जोडलं. उशीर का झाला, याचा पुरावा तोच. समितीने तक्रार दाखल करून घेतली. चौकशी अजून चालू आहे.

जेवणानंतर आपापले फोन घेऊन बसू. तुमच्या संस्थेच्या पत्त्यावरून शेजारणीच्या जीमेलवर एक मेल पाठवा. तिने ती संगणकावर उघडून 'मूळ संदेश दाखवा' वर दाबायचं. एसपीएफ, डीकिम, डीमार्कपुढे 'पास' लिहिलंय का, ते बघू. दोन लॅपटॉप मागे ठेवलेत.