आवळीखालची पंगत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. विद्वत्तेचे बोलणे मला जमणार नाही. घरातल्याच चार गोष्टी सांगते. विषय आवळीभोजनाचा आहे.

कार्तिकात आवळीखाली जेवायचे, ही आपली जुनी चाल. कोणी शुद्ध नवमीला करतात, कोणी पौर्णिमेला, कोणी सोयीने सुटीच्या दिवशी. पाऊस सरलेला असतो, झाडाला आवळे धरलेले असतात. झाडाची पूजा करायची आणि सगळ्या गोतावळ्याने सावलीत पंगत मांडायची. मला वाटते, वर्षातून एकदा तरी माणसांना चार भिंतींबाहेर एकत्र आणावे, हाच त्यातला हेतू असावा.

गिरणगावाला तर त्याची फारच गरज. दहा बाय बाराच्या खोलीत भावकी बसवायची कुठे? सासूबाई सांगत, त्यांच्या तरुणपणी सगळे डबे घेऊन राणीच्या बागेत जात. १८६२ साली उघडलेली ती बाग म्हणजे चाळकऱ्यांचे अंगणच. तेव्हा आमची माणसे लालबाग-परळातच, हाकेच्या अंतरावर राहत. मग १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले कित्येक पुन्हा आत गेलेच नाहीत. पुढे गिरण्यांच्या जागी टॉवर आले आणि आमची भावकी डोंबिवली, विरार, बदलापूर अशी पांगली.

आता बदलापूरच्या भावजींच्या दारी आवळी आहे. कार्तिकातल्या एका रविवारी तिच्याखाली आम्ही जमतो. करी रोडला गाडी धरायची, दादरला बदलायची, आणि मेगाब्लॉक असला तर देवाचे नाव घ्यायचे. तरी पन्नास माणसे येतात. आमचे हे आणि मी, लग्न झाल्यापासून एकही वर्ष चुकवलेले नाही.

मध्यंतरी मात्र हा मेळा मोडायला आला होता. पुरुष पत्ते मांडून बसत, मुले हुंदडत, आणि आम्ही सुना पोचल्यापासून चुलीपुढे. पन्नास जणांच्या पुऱ्या लाटायच्या, वालाची उसळ ढवळायची. आम्ही शेवटच्या पंगतीला बसायचो तेव्हा भात गार झालेला आणि परतीच्या गाडीची घाई. धाकट्या जाऊबाई नोकरी करतात. त्या एकदा स्पष्टच म्हणाल्या, “मला रविवार एकच मिळतो. तो पातेली घासण्यात घालवायला मी येणार नाही.”

वडील माणसे रागावली. मला त्यात उद्धटपणा दिसला नाही. रांधण्याला मोल आहे, हे आपल्याच वस्तीने दाखवून दिले आहे. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली एकत्र केले आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. बायकांच्या हातांवर अख्खे गिरणगाव जेवले. घरच्या पंगतीत तेच हात फुकटचे कसे?

रात्री मी यांच्याशी बोलले. पुढच्या वर्षी यांनीच सगळ्यांना कळवले की प्रत्येक घराने एकेक पदार्थ करून आणायचा, तिथे चूल फक्त भातापुरती, वाढप पुरुषांचे आणि बायकांची पंगत पहिली. त्या वर्षी मीठ दोनदा वाढले गेले, आमटी कोणाच्या पानावर पडली तर कोणाच्या पायावर. हसून पुरेवाट झाली. पण जाऊबाई आल्या, आणि अजून येतात.

दुसरी गोष्ट अधिक अवघड होती. आमच्या थोरल्या चुलत जाऊबाईंचे यजमान वारले, तेव्हापासून त्या येईनाशा झाल्या. “सगळे जोडीने पूजा करणार. मी कुठे उभी राहू?” असे म्हणत. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. सरकारनेही त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितले. ती बातमी यांनी मला वाचून दाखवली. मी म्हटले, एक गाव ठरवू शकते, तर एक घर का नाही?

त्या कार्तिकात आम्ही दोघे त्यांना आणायला डोंबिवलीला उतरलो. हे म्हणाले, “वहिनी, या वर्षी झाडाला पहिले हळदकुंकू तुमच्या हातचे.” तिथे पोचल्यावर आत्याबाई कुरकुरल्या, “असं कधी झालं नाही.” यांनी शांतपणे उत्तर दिले, “आत्या, दादा तुमच्याच मांडीवर वाढला. त्याची बायको पंगतीबाहेर राहिली, तर त्याला बरं वाटेल का?” आत्याबाई गप्प बसल्या. त्यांना पटले की नाही, त्या बोलल्या नाहीत. पण ताट वहिनींच्या हाती गेले तेव्हा त्यांनी अडवले नाही.

मैत्रिणींनो, यजमानांबरोबर अशा मेळ्याला जायचे ते नुसते शेजारी बसून फोटो काढून घ्यायला नव्हे. आपल्याला जोडी आहे, तर तिचा उपयोग जो एकटा पडला त्याला हात द्यायला व्हावा. येत्या कार्तिकात आपणही जमा. आवळी नसेल तर बाग चालेल, चाळीची गच्ची चालेल. पत्रावळी पानांच्या घ्या, थर्माकोलच्या ताटांना २०१८ पासून बंदी आहे. आणि पहिला घास घेण्याआधी दोघांनी मिळून पंगतीवर एकदा नजर फिरवा. कोण अजून चुलीपाशी आहे, कोण आलेच नाही, आणि का आले नाही, एवढे पाहा. मग जेवा.